गरम झाली की सेल्फ घेत नाही: बीटलच्या चासीवरची स्पीडस्टर प्रतिकृती

तक्रार नेहमी त्याच शब्दांत येते. सकाळी गाडी पहिल्या चावीला उठते, तास-दीड तास छान पळते. पेट्रोल भरायला किंवा चहाला थांबवली, पंधरा मिनिटांनी चावी फिरवली, की सुरू होत नाही. पाऊण तास तसंच बसून राहिलं की काही झालंच नव्हतं अशी सुरू होते. मग आधी बॅटरी बदलली जाते, नंतर सेल्फ, नंतर कॉइल, कधी तर आख्खे कार्ब्युरेटर. पुढच्या उन्हाळ्यात तक्रार जिथल्या तिथे.

गाडी कुठली ते आधी नीट समजून घेऊ, कारण निम्मं उत्तर तिथेच आहे. पोर्शची मूळ ३५६ स्पीडस्टर १९५४ साली अमेरिकी ग्राहकांसाठी निघाली. आखूड काच, साधं कापडी छप्पर, कमी सामान आणि म्हणून कमी किंमत. १९५८ मध्ये तिची जागा कन्व्हर्टिबल डी या मॉडेलने घेतली. आज मूळ गाडीची किंमत सामान्य हौशी माणसाच्या आवाक्याबाहेर आहे, त्यामुळे फायबर बॉडीच्या प्रतिकृती चालतात. इंग्लंडमध्ये चेसिल, आधी कॅलिफोर्नियात आणि मग व्हँकुव्हरमध्ये इंटरमेक्कानिका, शिवाय अमेरिकेतले आणखी बरेच. बहुतेकांचा पाया फोक्सवॅगन बीटलची चासी. बीटलच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर २,४०० मिमी आणि ३५६ चं २,१०० मिमी, म्हणून चासी मधून साधारण ३०० मिमी कापून पुन्हा जोडतात. काहींनी स्वतःची पाइपची फ्रेम केली, पण इंजिन आणि गिअरबॉक्स बीटलचेच.

म्हणजे गाडीत तीन गोष्टी बदलल्या आहेत: लोखंडी पत्र्याच्या जागी फायबर, लांब चासीच्या जागी कापून जोडलेली, आणि मागच्या काचेखालच्या हवेच्या झडपांच्या जागी डिकीवरची (म्हणजे मागच्या इंजिनावरच्या झाकणावरची) एक छोटी जाळी. 'गरम झाली की उठत नाही' या तक्रारीमागे बहुतेक वेळा या तीनपैकी एक बदल असतो. बीटलचं इंजिन बदनाम होतं ते उगाच.

चावी फिरवल्यावरचे पहिले पाच सेकंद

सुटा भाग विकत घ्यायच्या आधी बिघाड कुठल्या जातीचा आहे ते ठरवायचं. त्यासाठी गाडी मुद्दाम बिघडवावी लागते. अर्धा तास चालवा, त्यात एखादा चढ असू द्या, मग बंद करून डिकी न उघडता १५ मिनिटं सोडा. इंजिन बंद झालं की पंखाही थांबतो आणि हेडमधली उष्णता वर चढत कार्ब्युरेटर, पंप, कॉइल आणि सेल्फपर्यंत पोचते. बंद केल्यानंतरची दहा ते वीस मिनिटं सगळ्यात वाईट. पाच मिनिटांत पुन्हा सुरू करून 'ठीक आहे' म्हणणं म्हणजे तपासणी झालीच नाही.

आता चावी फिरवा आणि ऐका.

नुसता 'टक' आवाज आला, किंवा तोही नाही आणि इंजिन फिरलंच नाही, तर बिघाड विजेचा. दिवे झगझगीत असले तरीही विजेचाच. कण्हत कण्हत, अडखळत फिरलं तरी तोच वर्ग.

सेल्फ जोरात फिरतोय, पेट्रोलचा उग्र वास येतोय, आणि शेवटी काळा धूर सोडत गाडी सुरू होते: पेट्रोल जास्त झालं आहे.

सेल्फ जोरात फिरतोय, वास मुळीच नाही: कार्ब्युरेटर रिकामे आहेत, नाहीतर ठिणगी नाही. या दोन्हींतला फरक प्लग काढून बघितल्यावर कळतो. प्लग कोरडा असेल तर पेट्रोल येत नाही, ओला असेल तर ठिणगी नाही.

पाने हातात घ्यायच्या आधी गिअर न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक वर, चाकाला लाकूड, आणि जवळ आग विझवायचं सिलिंडर. फायबर पेटलं की पत्र्यासारखं थांबत नाही.

नुसता 'टक' आवाज येतो

या गाड्यांत सगळ्यात जास्त दिसणारा बिघाड हाच, आणि चुकीचे भाग सर्वांत जास्त बदलले जातात तेही इथेच.

सेल्फवरच्या सोलेनॉइडला दोन महत्त्वाचे टर्मिनल असतात. ३० नंबरवर बॅटरीची जाड केबल येते, ५० नंबरवर चावीकडून येणारी बारीक वायर. चावी फिरवली की ५० नंबरला करंट मिळतो, सोलेनॉइड आतला दट्ट्या ओढतो, पिनियन (सेल्फचं छोटं दातेरी चाक) फ्लायव्हीलमध्ये (इंजिनच्या मोठ्या दातेरी चाकात) जातं आणि मगच जाड केबलचा करंट मोटरला मिळतो. दट्ट्या ओढायच्या त्या क्षणी सोलेनॉइड तीस-पस्तीस अँपिअर मागतं, आणि हा सगळा करंट डॅशबोर्डवरच्या चावीच्या स्विचमधून फिरून येतो. सहा मीटर लांब, २.५ चौ. मिमीची तांब्याची वायर ३५ अँपिअरला जवळपास दीड व्होल्ट खाते. स्विचचे झिजलेले कॉन्टॅक्ट आणि मधली जोडणी आणखी अर्धा ते एक व्होल्ट खातात. सेल्फ मारताना बॅटरी मुळातच साडेदहा-अकरावर आलेली असते, त्यामुळे सोलेनॉइडच्या वाट्याला उरतात आठ-नऊ.

थंड असताना तेवढ्यात भागतं. मात्र तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.३९ टक्के वाढतो. सोलेनॉइडचं वेटोळं २५ अंशांवरून १०० अंशांवर गेलं की रोध जवळजवळ ३० टक्के जास्त, करंट त्या प्रमाणात कमी आणि ओढ कमी. दट्ट्या अर्ध्यावर थांबतो. 'टक' म्हणतात तो हाच आवाज. गाडी थंड झाली की ओढ परत येते, म्हणून मालकाला वाटतं की आपोआप बरी झाली. प्रतिकृतीत हा त्रास जास्त असतो, कारण बीटलचे हीटरचे बंदिस्त एक्स्चेंजर काढून तिथे उघडे जे-पाइप, म्हणजे धूर नेणारे वाकडे पाइप, बसवलेले असतात. उजव्या बाजूचा १ नंबर सिलिंडरचा पाइप सेल्फच्या जवळच असतो.

मल्टिमीटरने मोजा, अंदाज नको. कॉइलच्या १५ नंबरची वायर काढून ठेवा म्हणजे इंजिन सुरू होणार नाही. मीटर डीसी व्होल्टवर, गाडी गरम, दुसरा माणूस चावीवर. पहिलं माप बॅटरीच्या दोन खुंट्यांवर, सेल्फ फिरत असताना. ९.६ च्या खाली गेलं तर आधी बॅटरी पूर्ण चार्ज करा. तरीही तसंच असेल तर बॅटरी बदला. दुसरं बॅटरीच्या पॉझिटिव्ह खुंटीपासून सेल्फच्या ३० नंबरच्या बोल्टपर्यंत. ०.५ व्होल्टच्या आत हवं. प्रोब खुंटीच्या शिशावर टेकवा, क्लॅम्पवर टेकवाल तर क्लॅम्पचाच दोष मापातून निसटेल. तिसरं निगेटिव्ह खुंटीपासून सेल्फच्या धातूच्या अंगापर्यंत, ०.३ च्या आत. चौथं ५० नंबर ते सेल्फचं अंग, चावी धरून ठेवलेली असताना. इथे १० किंवा जास्त मिळतात आणि तरी 'टक' आवाजावरच थांबतं, तर दोष सेल्फचा. ९ च्या खाली असेल तर सेल्फला हात लावू नका, दोष वायरिंगचा आहे.

दुसरं माप खराब आलं तर केबल बघा. बऱ्याच प्रतिकृतींत वजन सांभाळायला बॅटरी पुढच्या बॉनेटखाली नेलेली असते, केबल मात्र बीटलचीच, नुसती लांब केलेली. चार मीटरची २५ चौ. मिमी केबल १५० अँपिअरला ०.४२ व्होल्ट खाते, तीच ५० चौ. मिमी घेतली की ०.२१. बॅटरी पुढे असेल तर ५० च्या खाली जाऊ नका. टोकाची थिंबल दाबून बसवलेली हवी. हातोडीने चेपलेली नको, नुसती डाग मारलेलीही नको.

तिसरं माप खराब असेल तर खुश व्हा, स्वस्तात सुटलात. बीटलचं इंजिन आणि गिअरबॉक्स रबरी माउंटिंगवर बसतात, म्हणजे विजेच्या दृष्टीने अधांतरी. त्यांना चासीशी जोडते ती गिअरबॉक्सच्या पुढच्या टोकाजवळची एकच विणलेली तांब्याची पट्टी. प्रतिकृती बांधताना चासीला जाड रंग किंवा पावडर कोटिंग मारतात आणि पट्टी त्याच रंगावर बोल्टने आवळतात. कधी ती लावायचीच राहते. मग सेल्फचा करंट परतायला दुसरी वाट शोधतो आणि ती क्लच किंवा ॲक्सिलरेटरच्या केबलमधून सापडते. सेल्फ मारल्यावर ॲक्सिलरेटर जड लागत असेल, केबल गरम लागत असेल, तर पुढचं काही तपासू नका, थेट पट्टीकडे जा. दोन्ही टोकांखालचा रंग चकचकीत धातू दिसेपर्यंत घासा, दातेरी वॉशर घाला, आवळल्यावर वरून ग्रीस लावा. इंजिनच्या एखाद्या बोल्टपासून चासीला दुसरी पट्टी लावली तर उत्तमच. फायबर बॉडीतून अर्थ मिळत नाही, म्हणून दिवे, हॉर्न, मीटरचे सेन्डर सगळ्यांची अर्थ वायर स्वतंत्र हवी. डॅशबोर्डवरचा पेट्रोलचा काटा इंडिकेटरबरोबर नाचतो तो याच कारणाने.

चौथं माप खराब असेल तर रिले, म्हणजे बारीक करंटने मोठा करंट जोडणारा स्विच, लावायचा. चार टर्मिनलचा, ४० अँपिअरचा, झाकणबंद रिले सेल्फपासून हातभर अंतरावर, जे-पाइपच्या आडोशाला, टर्मिनल खाली येतील असा बसवा.

१. बॅटरी सोडा. सेल्फच्या ५० वरून चावीची जुनी वायर काढा आणि रिलेच्या ८६ ला लावा.
२. रिलेचं ८५ गिअरबॉक्सच्या अर्थला.
३. सेल्फच्या ३० च्या बोल्टवरून ४ चौ. मिमीची नवी वायर, मध्ये ३० अँपिअरचा फ्यूज, आणि ती रिलेच्या ३० ला. सोलेनॉइडची मागणी क्षणभराची असल्यामुळे एवढा फ्यूज पुरतो.
४. रिलेच्या ८७ पासून सेल्फच्या ५० ला तशीच ४ चौ. मिमी वायर.

आता चावीच्या स्विचमधून अर्ध्या अँपिअरहूनही कमी करंट जातो आणि सोलेनॉइडला हातभर लांबीच्या वायरीतून पूर्ण व्होल्टेज मिळतं. स्विचचं आयुष्यही वाढतं. पण रिले लावून केबल आणि पट्टीचा दोष झाकू नका. दुसरं आणि तिसरं माप आधी ठीक झालंच पाहिजे, नाहीतर सहा महिन्यांत परत तिथेच याल.

चारही मापं ठीक, तरी इंजिन कण्हत फिरतं. तेव्हा बुश बघायचा. बीटलच्या साध्या सेल्फचं पुढचं टोक गिअरबॉक्सच्या घरातल्या कांस्याच्या बुशमध्ये फिरतं, आणि सेल्फ बदलताना हा बुश हमखास विसरला जातो. झिजला की आर्मेचर तिरकं होऊन कडेला घासतं. गरम झाल्यावर फट आणखी कमी होते. सेल्फ काढून त्याचं टोक बुशमध्ये घालून हलवा, हाताला खेळ लागला तर बुश बदला. नवा बुश रात्रभर इंजिन ऑइलमध्ये बुडवून ठेवा आणि बसवताना थोडं ग्रीस लावा.

६ व्होल्ट आणि १२ व्होल्टच्या सेल्फचं टोक वेगवेगळ्या जाडीचं असतं. अमेरिकेत विकलेल्या बीटलमध्ये १९६६ पर्यंत ६ व्होल्ट आणि १९६७ पासून १२ व्होल्ट आले. प्रतिकृतीत गिअरबॉक्स एका सालाचा, इंजिन दुसऱ्या सालाचं, सेल्फ तिसऱ्याच सालाचा असं सर्रास असतं. म्हणून बुश सालावरून मागवू नका. टोक आणि घर दोन्ही व्हर्नियरने मोजून घ्या. फ्लायव्हीलही दोन प्रकारचं येतं, १०९ दातांचं आणि १३० दातांचं, आणि पिनियन त्याला जुळणारं लागतं. या भानगडीत पडायचं नसेल तर बुश न लागणारा, स्वतःच्या बेअरिंगवर फिरणारा गिअर-रिडक्शन सेल्फ घ्या. तो करंटही कमी ओढतो. मोठ्या बोअरच्या, जास्त कॉम्प्रेशनच्या इंजिनाला आमच्या मते तोच बरा.

ठिणगीचं टायमिंग फार पुढे असेल तरी गरम इंजिन सेल्फला उलटा झटका देतं. ००९ डिस्ट्रिब्यूटर (प्लगना ठिणगी वाटून देणारा भाग) असेल तर स्ट्रोब लाइटने ३,५०० फेऱ्यांवर २८ ते ३२ अंशांत लावा आणि स्लोवर काय येतं याची फार चिंता करू नका.

सोलेनॉइडचे ३० आणि ५० पेचकसने जोडून गाडी सुरू करायची युक्ती सगळ्यांना माहीत असते. गाडी गिअरमध्ये राहिली असेल तर खाली झोपलेल्या माणसाच्या अंगावर मागचं चाक येतं. त्यापेक्षा दोन मीटर वायरीचं पुश बटण करून ठेवा.

सेल्फ फिरतो, गाडी उठत नाही: पेट्रोल

पेट्रोलचा हलका भाग ३५-४० अंशांपासूनच उकळायला लागतो. इथेनॉल थोड्या प्रमाणात मिसळलं की बाष्पदाब वाढतो आणि ही प्रवृत्ती आणखी वाढते. अमेरिकेत बहुतेक पंपांवर १० टक्के इथेनॉल असतं, ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२१ पासून साध्या पेट्रोलमध्ये तेवढंच, आणि आपल्याकडे आता २० टक्के. १९६० च्या दशकातल्या पंपाने आणि कार्ब्युरेटरने हे पेट्रोल कधी पाहिलेलं नाही.

इंजिन गरम असताना एअर फिल्टर काढा. चावी बंद. आजूबाजूला विडी-सिगारेट, चालू दिवा काही नको. टॉर्चने कार्ब्युरेटरच्या घशात बघा. थेंब थेंब पेट्रोल आत गळत असेल, तर फ्लोटच्या वाटीतलं (कार्ब्युरेटरमधल्या छोट्या साठ्यातलं) पेट्रोल उकळून नळीतून वर येतं आहे. गळत नसेल तर ॲक्सिलरेटरचा दांडा हाताने एकदा ओढा. बारीक धार उडाली तर वाटीत पेट्रोल आहे. धार नाही, तर वाटी रिकामी.

गळणाऱ्या गाडीला रस्त्यावर सुरू करायची पद्धत: ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून तसाच धरा, पंप मारू नका, आठ-दहा सेकंद सेल्फ, तीस सेकंद विश्रांती. लोक घाबरून पाय वरखाली करतात आणि प्रत्येक दाबाला आणखी पेट्रोल आत जातं. रिकाम्या वाटीला मात्र सेल्फ जास्त वेळ मारावा लागतो, म्हणजे मेकॅनिकल पंप ती भरतो.

कायमचा उपाय दाबापासून सुरू करा. जोड वेबर ४० आयडीएफ कार्ब्युरेटर असतील तर पेट्रोलचा दाब ३ ते ३.५ पीएसआयच्या वर नको. मेकॅनिकल पंप कधी कधी पाचपर्यंत देतो आणि गरम झाल्यावर वाटीत पेट्रोल सोडणारा सुईचा व्हॉल्व्ह तेवढा दाब धरत नाही. गेज लावून मोजा. पंपाखालचा दांडा डायनामोच्या गाडीत १०८ मिमीचा, अल्टरनेटरच्या गाडीत १०० मिमीचा. अदलाबदल झाली तर दाब भलताच येतो किंवा पंपाचा पडदा फाटतो. दाब थोडाच जास्त असेल तर पंपाखाली एक-एक गॅस्केट वाढवून मोजत जा.

दाब ठीक असेल तर कार्ब्युरेटर आणि मॅनिफोल्डमध्ये उष्णता अडवणारे फिनॉलिकचे तुकडे घाला, निदान ६ मिमी जाडीचे. आधी डिकीखाली फिल्टरला पुरेशी जागा आहे ना ते बघा, कारण स्पीडस्टरचा मागचा उतार फार खाली येतो. बीटलच्या पंपाखाली मुळात बेकलाइटचा तुकडा असतो, तो प्रतिकृतीत हरवलेला असू शकतो.

नळीच्या वाटेकडे वेळ द्या. टाकी पुढे, इंजिन मागे, मधली लोखंडी नळी चासीच्या मधोमध असलेल्या पोकळ बोगद्यातून येते. चासी ३०० मिमी कापली तेव्हा ही नळीही कापली गेली. चांगल्या कारागिराने आख्खी नवी घातलेली असते. घाईत असलेल्याने बोगद्याच्या आत रबरी तुकड्याने जोडलेली असते, जिथे पुढे कोणाचा हात पोचत नाही. इंजिनचा पंप ओढून पेट्रोल घेतो, त्यामुळे सैल जोडातून पेट्रोल गळण्याऐवजी हवा आत शिरते, आणि लक्षणं थेट बाष्प अडकल्यासारखी दिसतात. पंपाच्या आधी वीतभर पारदर्शक नळी तात्पुरती लावा. थंड इंजिनलाही सतत बुडबुडे दिसले तर दोष उष्णतेचा नाही, जोडाचा आहे. उपाय एकच: बोगद्याबाहेरून, जॅक आणि दगड लागणार नाहीत अशा जागेने, नवी अखंड नळी. रबरी नळी लागेल तिथे इथेनॉलला टिकणारी, एसएई जे३० आर९ छापलेली घ्या. जुनी कापडी वेष्टनाची नळी वरून छान दिसते आणि आतून चिरते.

प्लॅस्टिकचा पेट्रोल फिल्टर डिस्ट्रिब्यूटरच्या वर लटकवलेला दिसला तर आजच काढा. त्याच्या वजनाने नळी किंवा पंपाची तोटी सुटते आणि पेट्रोल थेट ठिणगीवर पडतं. हवेने थंड होणाऱ्या फोक्सवॅगन जळण्याचं हे जुनं कारण आहे. फिल्टर पुढे टाकीजवळ बसवा.

एवढं करूनही बाष्प अडकतं तर इलेक्ट्रिक पंप, पण टाकीजवळ आणि टाकीपेक्षा खाली. मागे गिअरबॉक्सजवळ बसवला तर तोही ओढूनच पेट्रोल घेणार आणि गरमही होणार, म्हणजे पैसे वाया. त्याच्या रिलेला धक्क्याने बंद होणारा इनर्शिया स्विच आणि ऑइल प्रेशरचा स्विच जोडा. अपघातात इंजिन थांबल्यावर पंप चालू राहता कामा नये. पंपानंतर कार्ब्युरेटरच्या टोकापासून टाकीकडे परतीची नळी, मध्ये १ मिमीचं भोक, असं केलं की बाष्प परत टाकीत जातं.

डिपस्टिकला पेट्रोलचा वास येतो का, ऑइलची पातळी आपोआप वाढली आहे का, हेही बघा. तसं असेल तर सुईचा व्हॉल्व्ह गळतो आहे किंवा पंपाचा पडदा फाटला आहे. इंजिन सुरू न करता आधी दुरुस्ती, मग ऑइल बदल. १६०० च्या इंजिनात ते २.५ लिटर बसतं.

ठिणगी

हे कमी वेळा असतं आणि लवकर उरकतं. डिस्ट्रिब्यूटरमध्ये पॉइंट (उघडझाप करणारे कॉन्टॅक्ट) असतील तर फट ०.४ मिमी, कंडेन्सर नवा. कॉइलचा प्राथमिक रोध बॅलास्टशिवाय (बाहेरून जोडलेला रोध नसताना) ३ ओहमच्या आसपास हवा. दीड ओहमची कॉइल चुकून लागली असेल तर ती स्वतः तापते आणि पॉइंट किंवा इलेक्ट्रॉनिक मॉड्यूलही जाळते. डिस्ट्रिब्यूटरमध्ये बसणारं मॉड्यूल गरम झालं की गप्प बसू शकतं आणि थंड झालं की चालतं. त्याला घरगुती चाचणी नाही, पॉइंटची जुनी प्लेट परत बसवून गरम गाडी बघायची. सेल्फ मारताना कॉइलच्या १५ नंबरला ९ व्होल्ट मिळतात ना, तेही मोजा. तिथे ७ दिसले तर परत वरच्या वायरिंगच्या भागाकडे जा.

गरम का होते

वरचं सगळं करून गाडी सुरू होईल, पण मूळ प्रश्न राहतोच: इंजिनच्या खोलीत इतकी उष्णता येते कुठून?

बीटलच्या इंजिनभोवतीचा पत्रा शोभेचा नाही. तो इंजिनची खोली दोन मजल्यांत वाटतो. वर थंड हवा, तीच पंखा ओढतो. खाली हेडमधून निघालेली गरम हवा आणि सायलेन्सर. बीटलमध्ये पत्रा आणि बॉडी यांमधली फट चारी बाजूंनी रबराने बंद असते. फायबर बॉडीत ते रबर धरायला खाचच नसते, म्हणून कित्येक प्रतिकृतींत दोन-तीन सेंटिमीटरची फट मोकळी असते. पंखा मग खालची गरम हवाच पुन्हा वर ओढतो. त्यात डिकीची जाळी छोटी, आणि पाऊस आत जाऊ नये म्हणून तिच्याखाली ट्रे बसवला असेल तर विचारूच नका.

चाचणी सोपी आहे. इंजिन स्लोवर ठेवा आणि टिश्यू पेपरची पट्टी काठीला बांधून पत्र्याच्या कडेकडेने फिरवा. पट्टी वर उचलली जाते तिथे खालून हवा येते. धूर नीट दिसतो म्हणून अगरबत्ती फिरवू नका. जवळच पेट्रोल आहे. मग वायरवाला डिजिटल थर्मामीटर पंख्याच्या तोंडाजवळ बांधून वीस मिनिटं चालवा. बाहेरच्या हवेपेक्षा १०-१५ अंश जास्त चालेल. तीस जास्त असेल तर खोली बंद नाही. तसंच पुन्हा डिकी चार-पाच सेंटिमीटर उघडी टेकवून चालवा. आकडा एकदम उतरला तर जाळी अपुरी आहे, नाही उतरला तर फटी दोषी.

फटी बुजवायला बॉडीच्या आतल्या कडेने २५ मिमीची ॲल्युमिनियम अँगल पॉप रिव्हेटने बसवा, तिच्यावर यू आकाराची इपीडीएम रबर पट्टी चढवा आणि पत्र्याची कड त्या रबरात येऊ द्या. स्पंज कोंबू नका, तो ऑइल आणि पेट्रोल पितो. हीटर काढलेल्या गाडीत पंख्याच्या घरावरची दोन मोठी तोंडं उघडीच राहिलेली असतात. हेडकडे जायची हवा तिथून फुकट जाते, त्यांना टोपणं लावा. पुढच्या पत्र्यातली हीटर पाइपची भोकंही बंद करा. पंख्याच्या घरातल्या झडपा आणि त्यांचा थर्मोस्टॅट, जो ६५ ते ७० अंशांना उघडतो, तपासा. थर्मोस्टॅट काढून झडपा तशाच ठेवल्या असतील तर त्या उघड्या स्थितीत पक्क्या असायला हव्यात.

ऑइलचं तापमान ९० ते ११० अंश असेल तर निश्चिंत. १२० च्या वर सतत राहत असेल तर सेल्फचा विचार सोडा, इंजिन वाचवा. १९७१ पासूनचा, ऑइल कूलर वेगळ्या कप्प्यात ठेवणारा पंख्याचा डबा ३ नंबर सिलिंडरला मोठा दिलासा देतो.

विकत घेताना

'इंजिन गरम करून ठेवतो, तुम्ही या' असं विकणारा म्हणाला तर नको म्हणा. थंड इंजिनला हात लावून सुरुवात करा, अर्धा तास स्वतः बसून फिरवा, बंद करा, आणि १५ मिनिटं कागदपत्रं बघत बसा. मग चावी. गाडी दाखवताना इंजिन बंदच करत नसतील, किंवा ती नेमकी उतारावर उभी असेल, तर प्रश्न विचारायची वेळ आहे. डॅशबोर्डखाली छापील चिन्ह नसलेलं पुश बटण, पेट्रोलच्या नळीवर ओळीने लावलेले लाकडी कपड्यांचे चिमटे (बाष्प अडकू नये म्हणून केलेला हा अमेरिकेतला जुना टोटका, उपयोग शून्य), डिकीच्या कडेखाली टेकू: ही सगळी आधीच्या मालकाने हार मानल्याची चिन्हं. गाडी सोडून द्यायला हवीच असं नाही. रिले, पट्टी, केबल आणि रबर मिळून दोन दिवसांचं काम आहे. बोगद्यातली जोडलेली नळी सापडली तर मात्र किंमत उतरवून मागा.

कागदावर गाडीचं साल बहुधा मूळ बीटलचंच असतं. सेल्फ, बुश आणि वायरिंग ६ व्होल्टच्या घराण्यातलं की १२ च्या, याचा पहिला सुगावा तिथे मिळतो. बीटलचा चासी नंबर मागच्या सीटखाली बोगद्यावर ठोकलेला असतो आणि चासी नीट कापली असेल तर तो शाबूत राहतो. गालिचा उचला, नंबर कागदाशी ताडून बघा, आणि खाली वाकलाच आहात तर वेल्डच्या रेषेवर बोट फिरवून पेट्रोलचा वास येतो का तेही बघा.